साडेसातचा चंद्र

मामांच्या स्टोअरमध्ये बोल्ट एकटा मिळायचा नाही. कुणी फिटर खिडकीशी येऊन म्हणाला, "मामा, सोळाचा बोल्ट दे दो," की मामा बोल्ट काढायचे, त्याच्यावर नट फिरवायचे, मध्ये वॉशर घालायचे आणि मगच खिडकीतून हात बाहेर. तो बिचारा सांगायचा, नट आहे माझ्याकडे, नुसता बोल्ट हवाय. मामा ऐकायचेच नाहीत. "जोडी मोडूची नाय," असं म्हणून पुढच्याला हाक मारायचे. आमच्या वर्कशॉपमध्ये दहा देशांची माणसं होती आणि त्यातल्या कुणालाही मालवणी येत नव्हती. पण "जोडी मोडूची नाय" हे पठाणांनाही पाठ होतं.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात आमचं वर्कशॉप होतं. क्रेन, जनरेटर, पंप, जे मोडेल ते आमच्याकडे यायचं. मामा तिथे स्टोअरकीपर. कुडाळच्या बाजूचे, बुटके, दोन्ही कानांवर केसांचे झुबके, आणि एसीचा वारा बाधतो म्हणून बारा महिने डोक्याला माकडटोपी. बाहेर पंचेचाळीस डिग्री, वितळायची वेळ आलेली, आणि आत मामा माकडटोपीत! खुर्ची असून ते खुर्चीवर बसत नसत. ग्रीसचा रिकामा डबा उलटा करून त्यावर गोणपाट, हे त्यांचं आसन. खुर्चीवर पावत्यांच्या वह्या बसायच्या.

आणि कुणीही खिडकीशी आला, की पहिला प्रश्न, "जेवलंस?" मग तो पठाण असो, मल्याळी असो, नाहीतर आमचे लेबनानी साहेब. सकाळी साडेसातला विचारायचे, दुपारी चारला विचारायचे. उत्तर मिळाल्याशिवाय सामान मिळत नसे. फक्त रमजानात हा प्रश्न बंद. त्या महिन्यात ते नुसतंच माणसाच्या तोंडाकडे बघायचे, अंदाज घ्यायचे आणि जड सामान असलं तर स्वतः उचलून गाडीपर्यंत नेऊन द्यायचे.

घाई हा शब्द त्यांना शिवीसारखा वाटायचा. कुणी "यल्ला मामा, यल्ला" केलं, की ते मुद्दाम हळू व्हायचे. "घाई कोणाक आसा? चंद्राक तरी आसा काय?" असं म्हणायचे. मला पहिल्यांदा वाटलं, हे काहीतरी जुनं कोकणातलं बोलणं असेल. नाही. ते खरोखरच चंद्राबद्दल बोलत असत. त्यांचा आणि चंद्राचा एक खाजगी व्यवहार चालू होता आणि त्यात मी नको तिथे पाय घातला. ते सांगायचं तर मी तिथे कसा पोचलो तिथून सांगायला हवं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कराडकडचा, आयटीआय झालेला, तेवीस वर्षांचा, आणि स्वतःला फार हुशार समजणारा. मुंबईच्या एजंटने मला पास केलं आणि सांगितलं, "तुमच्या कंपनीचे एक जुने गृहस्थ सुट्टीवरून परत चाललेत, त्यांच्याबरोबर जा. त्यांच्याच जागेवर तुम्हाला घेतलंय. ते तुम्हाला शिकवतील आणि कायमचे घरी येतील." ते गृहस्थ म्हणजे मामा. विमानतळावर पहिल्यांदा भेटले तेव्हा मी नमस्कार केला, तर आशीर्वाद वगैरे काही नाही. वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "जेवलंस?" पहाटेचे तीन वाजले होते.

विमानात त्यांची जागा पुढे, माझी मागे शेपटाकडे. मी पहिल्यांदाच उडत होतो. हवाई सुंदरीने ट्रे ठेवला, त्यात आम्लेट होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी गणवेशातल्या बाईने मला आम्लेट दिलं! शेजारच्याने त्याचं नको म्हटल्यावर तेही मी मागून घेतलं.

शारजाला उतरलो तर रमजान चालू. ते माहीत होतंच. त्याबद्दल गावात माझी पुरेशी तयारी करून घेतली होती. आमच्या आळीतला एकजण सौदीला जाऊन आला होता. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की रमजानात दिवसा कुणी खाताना दिसला तर पोलीस उचलतात आणि महिनाभर आत टाकतात, त्याच्या ओळखीच्या एकाला नुसतं केळं सोलताना धरलं. हे मी इतकं मनावर घेतलं होतं, की विमानातून उतरतानाच खिशातली लिमलेटची गोळी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

इमिग्रेशनच्या आधी एक खिडकी होती. त्या काळी पद्धत अशी, की आपल्या हातात व्हिसाची फॅक्स कॉपी, आणि अस्सल कागद कंपनीच्या माणसाने आधीच त्या खिडकीत जमा करून ठेवायचा. आपण कॉपी दाखवायची, आतला साहेब अस्सल कागद शोधून देणार, मग पुढे. माझी कॉपी बघून आतल्या माणसाने खोक्यातले कागद चाळले. परत चाळले. मग मान हलवली. "माफी व्हिसा." माफी म्हणजे नाही, हे मला मामांनी सांगितलं. मला वाटलं होतं, तो क्षमा मागतोय.

आमच्या कंपनीचा पीआरओ, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत खेटे घालणारा माणूस, हा एक सुदानी म्हातारा होता. त्याने आदल्या दिवशी कागद जमा करायचा होता, आणि तो विसरला होता. बरं, मी म्हटलं, आज करेल. तेव्हा मामांनी माझ्या हातातली कॉपी घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि खालची तारीख वाचली. व्हिसा निघाल्यापासून दोन महिन्यांत आत शिरायचं असतं. ते दोन महिने त्या दिवशी संपत होते. रात्री बाराच्या आत माझ्या पासपोर्टवर शिक्का पडला नाही, तर कागद रद्दी. रात्री अकराच्या विमानाने मला मुंबईला परत चढवणार, हेही खिडकीतल्या माणसाने अगदी शांतपणे सांगितलं. सकाळचे नऊ वाजत होते.

मला घाम फुटला. गावात मला हार घालून पाठवलं होतं. आईने शेजारणींना पेढे वाटले होते. आता दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग घेऊन एसटीतून उतरणार की काय, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

मामांचा व्हिसा ठीक होता. त्यांना दोन मिनिटांत बाहेर जाता आलं असतं. पण एकदा बाहेर गेलं की परत आत येता येत नाही. मी म्हटलं, "मामा, तुम्ही जा." म्हणालो खरा, पण आवाज चिरकला. त्यांनी आपली पत्र्याची पेटी भिंतीला लावली, तिच्यावर बसले, आणि माकडटोपी कानांवरून खाली ओढली. "मी खय जातंय तुका टाकून?" म्हणाले. मग फोनकार्ड काढून भिंतीवरच्या फोनशी गेले. तीस दिरहमचं कार्ड. मी मनात गुणिले दहा केलं आणि अजूनच खचलो.

फोनवरून कळलं ते असं. रमजानात कचेऱ्या लवकर बंद होतात. पीआरओ सकाळी कुठल्याशा दुसऱ्या कामाला अजमानला गेलाय. तो कागद त्याच्या टेबलाच्या खणात आहे आणि खणाची किल्ली त्याच्या खिशात. त्याच्या पेजरवर मामांनी तीन वेळा निरोप टाकला. दुपारी एकदाचा तो फोनवर आला. रोजाने त्याचा आवाज पार खोल गेला होता. "इफ्तारनंतर आणतो, मामा. इन्शाल्ला." मी म्हटलं, "इफ्तारनंतर म्हणजे किती वाजता?" मामा म्हणाले, "इन्शाल्ला वाजता." आणि स्वतःच हसले. मला हसू आलं नाही. मला त्यांचा रागच आला.

त्या हॉलमध्ये मी जे बारा तास काढले, त्यात मामा एकदाही अस्वस्थ झाले नाहीत. हॉल मोठा, काचेचा, थंडगार. एका बाजूला कॅफेटेरिया होता आणि त्याच्या दारावर जाड तपकिरी पडदा सोडलेला. मधूनच कुणी गोरा प्रवासी पडदा बाजूला करून आत जायचा, आणि कॉफीचा, टोस्टचा वास बाहेर यायचा. दुपारी बारापर्यंत त्या वासाने माझा जीव कासावीस झाला.

मामा म्हणाले, "भूक लागली असात तर जा थय पडद्याआड, खावन ये. प्रवाशांक चलता." आता बघा, सरळ सांगत होते. पण माझ्या डोक्यात ते केळंवालं घुसलेलं. वाटलं, आधीच कागद नाही, त्यात खाताना धरलं तर संपलंच. आणि घाबरलोय हे कबूल करायचीही लाज. मी विचारलं, "तुम्ही नाही येत?"

"माजी आज संकष्टी. एकोणिसावी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, दोन्ही डोळे जायची पाळी आली होती. तेव्हा गावच्या गणपतीला बोलले होते, की दृष्टी वाचली तर सलग एकवीस संकष्ट्या करीन, दिवसभर पाण्याशिवाय काही नाही, आणि चंद्र स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय जेवणार नाही. कॅलेंडरातली वेळ बघून जेवणं त्यांना मंजूर नव्हतं. "गावाक पावसात ढगांनी चंद्र दिसाचो नाय, म्हणून सगळी कॅलेंडर बघून जेवतत. मी डोळ्यांसाठी बोललंय, तर डोळ्यांनीच बघूक होयो." एकवीस पुऱ्या झाल्या, की इथलं सगळं खलास करून कायमचं घरी जायचं, असंही त्याच नवसात होतं. मध्ये एक जरी चुकली तरी पुन्हा पहिल्यापासून. बायकोला दिसायला लागलं होतं. "अजून दोन रवली. तुका स्टोअर शिकवतंय आणि मगे बॅग भरतलंय," म्हणाले. हे सांगताना माकडटोपीतला तो चेहरा इतका खूश होता!

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मामा, माझीही संकष्टीच आहे."

तोंडातून निघून गेलं. त्यांच्याबरोबर उपाशी बसलो तर भित्रा दिसणार नाही, उलट चांगला दिसेन, असा काहीतरी हिशेब असणार. मामांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "कडक करतंस?" "एकदम कडक," मी म्हटलं. "चाय पण नाय?" "नाही." "बरा," म्हणाले. पुढे दर तासा-दीड तासाने ते मला पाय मोकळे करायला म्हणून त्या पडद्यासमोरून फिरवून आणायचे आणि म्हणायचे, "संकष्टीक चाय चलता हां काय. फळा पण चलतत." मला वाटायचं, म्हातारा परीक्षा बघतोय. मी आणखी ताठ व्हायचो.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला मगरिबची अजान झाली. हॉल साफ करणारे चार-पाच बंगाली कामगार कोपऱ्यात कागद पसरून बसले. खजूर, पाणी, ताक, भजी. इमिग्रेशनचा एक अंमलदारही टोपी काढून त्यांच्यातच मांडी घालून बसला. त्यांनी आम्हाला हात केला. एकजण उठून खजुरांची ताटली घेऊन आला. मामांनी छातीवर हात ठेवून नको म्हटलं आणि वर छताकडे बोट दाखवून त्याला हिंदीत समजावलं, की आमचा चंद्र अजून यायचाय. त्या माणसाला ते फार आवडलं. तो आपल्या लोकांना जाऊन म्हणाला, "ये दोनों का रोजा अपने से लंबा है." सगळे वळून आमच्याकडे आदराने बघायला लागले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अरे, तो खजूर माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होता! आता खायला कुणाचीही बंदी नव्हती, पोलीससुद्धा खात होता, आणि मीच स्वतःला कोंडून घेतलं होतं.

"तू घे रे," मामा हळूच म्हणाले. "तुका काय नवस नाय."

"तुम्ही सोडल्याशिवाय मी कसा सोडू, मामा?" मी म्हटलं. ही माझी अक्कल.

साडेसातला माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. खिडकीशी जाऊन पाचव्यांदा विचारायला उठलो, तो तसाच खाली बसलो. पीआरओचा पत्ता नव्हता. मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि ते भुकेचं की भीतीचं हे मलाही सांगता आलं नसतं. मामांनी माझं मनगट धरलं, कपाळाला हात लावला. मग उठून हॉलच्या पार त्या टोकाला, नमाजाच्या खोलीकडे गेले. तिथे एक मोठी काच होती. त्या काचेला नाक लावून ते उभे राहिलेले मला लांबून दिसत होते. बराच वेळ उभे होते.

परत आले ते हात चोळत. "इलो रे बाबा चंद्र. बस आता."

मी म्हटलं, "इतक्यात? आईच्या कॅलेंडरात तर नऊ वाजून दहा होते."

"ते मुंबैचे. हय घड्याळ दीड तास मागे. नवातून दीड काढ."

मी काढले. सात चाळीस. बरोबर जुळत होतं की! माझ्यासारख्या हुशार माणसाला आणखी काय पाहिजे? मामांनी पेटी उघडून स्टीलचा डबा काढला. मामींनी दिलेल्या दशम्या, सुक्या खोबऱ्याची चटणी आणि तळणीचे मोदक. त्यांनी डोळे मिटून हात जोडले, जरा जास्तच वेळ. मग पहिला मोदक स्वतः मोडला आणि त्याचा तुकडा तोंडात टाकला. ते खाताहेत हे बघितल्यावरच मी हात घातला. किती खाल्लं ते विचारू नका. ते मात्र त्या एका मोदकावर थांबले.

साडेआठला पीआरओ आला. धापा टाकत, कागद डोक्यावर धरून हलवत. काचेपलीकडून त्याला बघितल्यावर मी अक्षरशः उडी मारली. खिडकीतल्या माणसाने कागद घेतला, शिक्का मारला आणि मला म्हणाला, "मबरूक," म्हणजे अभिनंदन. सव्वानऊला आम्ही बाहेर आलो. गाड्या लावायच्या जागेपलीकडे पत्र्याच्या शेड होत्या, आणि त्यांच्यावर चंद्र नुकता डोकं वर काढत होता. मोठा, लालसर. मामा पेटी खाली ठेवून उभे राहिले. हात जोडले. पाठ माझ्याकडे होती.

"मामा, हा तर आत्ता उगवतोय," मी म्हटलं.

"इमारतीच्या मागे होतो तो," ते न वळता म्हणाले. मी गाडीत जाऊन बसलो. मला काय, मी आत आलो होतो!

दोन महिन्यांनी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, आता स्टोअर माझ्या ताब्यात. तर साहेब म्हणाले, तुझा मामा म्हणतो तू अजून तयार नाहीस, तो थांबतोय. मी ताडताड स्टोअरमध्ये गेलो. मामा ग्रीसच्या डब्यावर बसून नटांना तेल लावत होते. मी म्हटलं, "मामा, मी कच्चा आहे असं तुम्ही साहेबांना सांगितलंत?" ते म्हणाले, "हां. कच्चोच आसस." बस.

सांगतो, मी चिडलो. आठ-आठ हजार पार्ट मला नंबरासकट तोंडपाठ होते. माल कुठे, किती, सगळं मला माहीत, आणि मी म्हणे कच्चा! म्हाताऱ्याला खुर्ची सोडवत नाही, असं मी खोलीवर सगळ्यांना सांगत सुटलो. खुर्चीवर तर ते बसतही नव्हते. त्या दिवसांत मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचो. ते मात्र रोज विचारायचे, "जेवलंस?" आणि मी घुश्शात "हो" म्हणायचो.

वर त्या संकष्टीचं ओझं. आता मी संकष्टी करणारा माणूस ठरलो होतो. दर महिन्याला मामांबरोबर मलाही उपास, आणि संध्याकाळी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांमध्ये बसून चंद्राची वाट बघायची. मी काय करायचो, खरं सांगून टाकतो. दुपारी चारला वर्कशॉपमागच्या पठाणाच्या टपरीवर जाऊन दोन समोसे हाणायचो आणि तोंड धुऊन यायचो. गच्चीवर मग भुकेलेला चेहरा. मामा शेजारी बसायचे आणि पूर्वेकडे बघत राहायचे. एकदा मी विचारलं, "त्या दिवशी साडेसातला आला होता, आज पावणेनऊ झाले?" म्हणाले, "महिन्या-महिन्याक बदलता." मी मान डोलावली. मला समोशाचे ढेकर दाबायचे होते, चंद्राचं गणित कोण करतोय?

असं पावणेदोन वर्षं चाललं. मग एका सकाळी मामांनी आपणहून साहेबांना सांगितलं, पोरगा तयार आहे. आठवड्यात तिकीट आलं. मी खूश झालो, पण का कोण जाणे, पुरता नाही.

जायच्या दिवशी दुपारी ते सगळ्यांना भेटायला वर्कशॉपमध्ये फिरत होते आणि मी त्यांचं कपाट रिकामं करत होतो. लोखंडी कपाट, त्याची किल्ली पावणेदोन वर्षांत मला मिळाली नव्हती. दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने रेघा ओढलेल्या होत्या. वर एक ओळ, तिच्यावर आडवी काट. खाली दुसरी ओळ, स्वच्छ. मला वाटलं, कसला तरी माल मोजलाय. सवयीने मोजल्या. खालच्या एकवीस. वरच्या अठरा.

अठरा.

मी परत मोजल्या. बोट ठेवून मोजल्या. मग ग्रीसच्या डब्यावर बसलो. एकोणिसावी मला माहीत होती. एकोणिसावीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होतो, दशम्या मी खाल्ल्या होत्या. पत्र्याच्या शेडवरून डोकं वर काढणारा तो लालसर चंद्र आठवला, आणि हात जोडून उभी असलेली ती पाठ. दोन महिन्यांत घरी जाणारा माणूस पावणेदोन वर्षं इथे थांबला होता. ज्या डोळ्यांसाठी नवस बोलला, ते डोळे घरी वाट बघत होते. आणि मी खोलीवर सांगत होतो, म्हाताऱ्याला खुर्ची सोडवत नाही. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

विमानतळावर सोडायला मीच गेलो. तोच विमानतळ, आता बाहेरची बाजू. पेटी तीच, माकडटोपी तीच. ट्रॉली लावली आणि मी एका दमात बोलून टाकलं, "मामा, त्या दिवशी माझा उपास नव्हता. मी खोटं बोललो होतो."

"ठावक आसा."

"म्हणजे?"

"विमानातून उतरलंस तेव्हा तुझ्या मिशेत आम्लेटाचो तुकडो होतो," मामा म्हणाले. "दुपारपर्यंत होतो."

मला हसावं की रडावं कळेना. बारा तास मी कडक उपासाचं सोंग घेऊन बसलो होतो आणि मिशीत आम्लेट! "मग बोलला का नाहीत? कान धरून पडद्यामागे न्यायचं होतं. नाहीतर सांगायचं, की लेका, तुझं खोटं कळलंय, गप खा."

"बोललंय असतंय तर तू लाजेन मेलं असतंस. पयलोच दिवस तुझो. त्यात कागद नाय."

"आणि म्हणून तुम्ही तुमची एकोणिसावी मोडलीत? चंद्र दिसला म्हणून सांगितलंत? मी उपास खोटाच केला होता, मामा!"

त्यांनी माकडटोपी सारखी केली. "उपास खोटो होतो रे," म्हणाले. "भूक खरी होती."

मग पेटी ट्रॉलीवर नीट बसलीय का ते बघितलं, आणि दाराकडे निघाले. मी तिथेच उभा. चार पावलं जाऊन वळले आणि तिथूनच ओरडले, "जेवलंस?" मी नाही म्हणालो. पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. त्यांनी हाताने खा, खा अशी खूण केली आणि आत गेले.

पुढच्या संकष्टीला दुपारी चार वाजले, पठाणाने समोसे कढईतून काढले, आणि मी गेलो नाही. त्याने टपरीवरून हाकही मारली. संध्याकाळी गच्चीवर गेलो. टाक्यांमध्ये एकटाच बसलो. पोटात आग पडली होती. साडेसात वाजले तेव्हा मी उभा राहून पूर्वेकडे बघितलं.

काही नव्हतं. नुसता अंधार आणि शेडचे दिवे. मी खाली बसलो आणि वाट बघत राहिलो.